१९९३ ची मोटरहोम घेतलीये, हिवाळ्यात घरच्या घरी दुरुस्त करायचीये. सुरुवात कुठून करू?

हुरडापार्टी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसत्या जाहिराती चाळत होतो, शेवटी घेतलीच एक. १९९३ ची क्लास सी मोटरहोम, फोर्ड ई-३५० ची चासी, ४६० म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन, लांबी २७ फूट, ती ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा असतो ना, तसली. ऐंशीच्या पुढच्या एका आजोबांकडून साडेचार हजार डॉलरला मिळाली. आजी गेल्यापासून गाडी जागची हलली नाही म्हणाले. रनिंग फक्त ६१ हजार मैल. पहिल्या किल्लीला सुरू झाली, आता आम्ही पोचायच्या आधी आजोबांनी रात्रभर चार्जर लावून ठेवला होता हे उघड आहे, पण असो.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. आमच्या एचओएला (सोसायटीला) ड्राइव्हवेमध्ये आरव्ही, म्हणजे असली मोटरहोम, दिसली की पोटात दुखतं आणि गराजचं दार सात फुटी, गाडी साडेदहा फूट उंच, त्यामुळे हॉवेलजवळ एका शेतकऱ्याचं पोल बार्न (खांबांवरची मोठी शेड) भाड्याने घेतलंय. वर पत्रा, खाली खडी, २० अँपची एक लाईन, हीटिंग शून्य.

गाडीची अवस्था अशी: माळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वॉलपेपरवर चहाच्या रंगाचा डाग आहे आणि तिथे दाबलं तर बोट आत जातं. टॉयलेटपाशी फ्लोअर मऊ लागतं. छप्पर रबराचं आहे, हात फिरवला की पांढरी पावडर लागते. उंदीर राहून गेलेत, कदाचित अजून असतील. स्टोव्ह, फर्नेस, फ्रीज काहीच चालवून बघितलेलं नाही.

माझा प्लॅन असा होता की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आतलं सगळं उरकायचं, म्हणजे कपाटांना रंग, नवीन व्हिनाईल फ्लोअर, कुशनचे कव्हर, आणि मग एप्रिलमध्ये हवा सुधारली की छप्पर. जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येतायत, त्यांना घेऊन मॅकिनॉ ब्रिज ओलांडून वर यूपीत (मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात) जायचं, टाक्वामेनॉन धबधबा, पिक्चर्ड रॉक्स वगैरे. बाबा एसटीत होते, दापोडीच्या वर्कशॉपला बॉडी बांधायच्या कामावर, त्यामुळे त्यांच्यासमोर गळकी गाडी उभी करायची माझी हिंमत नाही.

बजेट गाडी सोडून चार हजारापर्यंत. मी आयटीवाला आहे, पण हात चालतात, घराचं बेसमेंट स्वतः केलंय. बायकोने एका वाक्यात परवानगी दिलीये, ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रश्न: हा क्रम बरोबर आहे का? बार्नमध्ये थंडीत काम करताना आत प्रोपेनचा छोटा हीटर लावला तर चालेल का? आणि अजून काय काय बघू?

---

खारूताई_ओहायो

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही एकदमच घ्या.

रंगाचा डबा उघडू नका. तुमचा क्रम बरोब्बर उलटा आहे. बोट आत जातंय म्हणजे वॉलपेपरच्या मागे लाकूड नावापुरतं उरलंय, आणि त्याच्यावर नवीन पॅनेल नि रंग मारून जूनमध्ये पावसात निघालात तर ते सगळं पुन्हा उखडावं लागेल. या गाड्या इंजिनने मरत नाहीत, पाण्याने मरतात. ४६० इंजिन चालेल हो, पेट्रोल पिईल, गॅलनला आठ मैल देईल, पण चालेल. माळा कुजला की मात्र गाडी संपली.

पाणी कुठून येतं हे सांगते. समोर माळ्याच्या कपाळावर पाच नारिंगी दिवे असतील बघा. ८० इंचांपेक्षा रुंद गाडीला ते कायद्याने लावावेच लागतात, म्हणजे हायवेला पाऊस नेमका जिथे समोरून आदळतो तिथेच भोकं पाडलेली आहेत. दिव्याखालचं गॅस्केट आणि पुटी दहा-पंधरा वर्षांत वाळून कडक होते, पाणी वायरच्या भोकातून आत शिरतं आणि लाकडाच्या फ्रेममधून सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन बसतं. त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. बाकीचे संशयित म्हणजे माळ्याची समोरची खिडकी, छप्पर आणि भिंत जिथे भेटते तिथली ॲल्युमिनियमची पट्टी, फ्रीजच्या वरचं व्हेंट आणि मागची शिडी. शिडीचे स्क्रू कोणी बघत नाही.

आता पहिलं काम, पिनवाला मॉइश्चर मीटर आणा, हार्बर फ्रेटमध्ये (हत्यारांच्या दुकानात) स्वस्तात मिळतो. माळ्याच्या कडा, प्रत्येक खिडकीच्या खालचे कोपरे, टॉयलेटभोवती, मागच्या भिंतीच्या खाली, सगळीकडे टोचत फिरा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. २० टक्क्यांच्या वर जिथे जिथे दाखवेल ते उघडायचंच. तुमची गाडी छपराखाली उभी आहे हे खरं सोनं आहे, कारण आता ती उघडी टाकून अख्खा हिवाळा वाळवता येईल, लोकांना ही चैन मिळत नाही.

म्हणजे हिवाळ्यात उखडणं, वाळवणं, फ्रेम बांधणं. छपराचं सीलिंग एप्रिलमध्ये, ते थंडीत धरत नाही, ट्यूबवर कमीत कमी किती तापमान लागतं ते लिहिलेलं असतं आणि मिशिगनच्या जानेवारीत तेवढं बार्नमध्ये होणार नाही. आणि आतलं पॅनेल, रंग, व्हिनाईल हे सगळं छप्पर सील करून पाणी मारून बघितल्यानंतर. तोपर्यंत भिंत आतून बंद करायची नाही, कितीही मोह झाला तरी.

बाहेरची भिंत कसली आहे ते सांगा. पन्हाळी ॲल्युमिनियमचा पत्रा की गुळगुळीत फायबर? बरंच काही त्यावर ठरेल.

---

सांबारवडा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विका. साडेचार हजारात घेतलीये, पाचला जाईल, अजून काही उखडलेलं नाही तोवरच जाईल. यूपीला आठवडाभर जायला भाड्याची आरव्ही मिळते, नवी कोरी, एसी चालणारा. चार हजाराचं बजेट म्हणजे नुसते टायर, बॅटरी, ब्रेक आणि छपराचं सामान यातच उडेल. आई-बाबांना सुखात फिरवायचंय की बार्नमध्ये खडीवर झोपून पाठ मोडून घ्यायचीये ते ठरवा.

---

पाना_पक्कड

सांबारवडा यांचा हिशोब चुकीचा नाही, पण छंदाला हिशोब लावायचा तर मासे विकत घेतलेले स्वस्त पडतात, तरी लोक गळ टाकून बसतातच की.

मी मिसिसागाला असतो, धंदा फर्नेस-एसीचा आहे, म्हणून हीटरबद्दल मी बोलणार. प्रोपेनचा हीटर आत लावू नका. कार्बन मोनॉक्साइड हे कारण तर आहेच, बंद डब्यात माणूस झोपेत जातो, पण तुमच्यासाठी दुसरं कारण पण तितकंच मोठं आहे. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, वाफ म्हणून, आणि ते कुठे जाणार, थंड ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला जाऊन घाम फुटणार. म्हणजे एकीकडे लाकूड वाळवताय आणि दुसरीकडे स्वतःच पाऊस पाडताय. इलेक्ट्रिक हीटर लावा. १५०० वॅटचा हीटर साडेबारा अँप खातो, तुमच्या २० अँपच्या लाईनवर त्याच्यासोबत दिवा आणि ड्रिल चालेल, टेबल सॉ लावलात की ब्रेकर पडेल, करवतकाम करताना हीटर बंद. एक्स्टेंशन कॉर्ड जाड घ्या, १२ गेजची, ती बारीक नारिंगी दिवाळीच्या माळेची नको. डिह्युमिडिफायर थंडीत गोठतो, तो आत हीटर चालू असतानाच चालवा.

गॅसची लाईन: रेग्युलेटर जुनाच असेल तर बदला, त्यात विचार करायचा नाही. दाब ११ इंच वॉटर कॉलमला (गॅसचा दाब मोजायचं माप) सेट असतो. लाईनचं प्रेशर टेस्टिंग लायसन्सवाल्याकडून करून घ्या, साबणाचं पाणी लावून स्वतः बघणं हे त्याच्या आधी ठीक आहे, त्याच्याऐवजी नाही. एलपी (गॅस गळती) आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टरच्या मागे तारीख असते, आयुष्य पाच ते सात वर्षं, तुमचे बहुधा गेल्या दशकातले असतील. फ्रीजच्या मागचं बाहेरचं झाकण उघडून बघा, पिवळी पावडर किंवा पिवळे ओघळ दिसले तर त्यातलं अमोनियाचं द्रावण गळलंय, तो फ्रीज गेला, चालवून बघू पण नका. न दिसल्यास गाडी लेव्हलला उभी करून इलेक्ट्रिकवर २४ तास चालवून बघा, हे ॲबसॉर्प्शन फ्रीज थंड व्हायला अख्खा दिवस घेतात, लोक दोन तासात "बिघडला" म्हणून मोकळे होतात.

वायरिंगला हात लावायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. १२० व्होल्टमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. १२ व्होल्टच्या बाजूला पण बऱ्याच गाड्यांत काळीच प्लस आणि पांढरी ग्राउंड असते. दोन्ही काळ्या एकाच कपाटामागून जातात. मीटर लावल्याशिवाय एकही वायर कापायची नाही, आणि शोअर पॉवरची (बाहेरून घेतलेल्या विजेची) केबल काढलेली असली तरी जनरेटर बंद आहे ना ते बघायचं.

बाय द वे, पाण्याचे पाईप कुठल्या रंगाचे आहेत? राखाडी असतील तर ते पॉलिब्युटिलीन, १९९५ पर्यंत अमेरिकेत सर्रास वापरायचे, फिटिंगपाशी तडकतात. ते काढून पेक्स (नव्या प्रकारचे प्लास्टिकचे पाईप) टाकणं हे हिवाळ्यातलं उत्तम काम, थंडीत पण होतं. आणि आत्ता ताबडतोब पाणी काढून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ भरा, गाडीचं हिरवं नव्हे, ते विषारी असतं. भरताना वॉटर हीटर बायपास करा, नाहीतर सहा गॅलन अँटीफ्रीझ उगाच त्याच्या पोटात जाईल.

---

हुरडापार्टी

सगळ्यांचे आभार. सांबारवडा, विकायचं डोक्यात आलंच नव्हतं असं नाही, पण मुलांनी गाडीचं नाव ठेवलंय, आता काय विकणार.

भिंत पन्हाळी ॲल्युमिनियमची आहे. पाईप राखाडी. फ्रीजच्या मागे पिवळं काही नाही. अँटीफ्रीझ भरलं, बायपासचा वॉल्व्ह शोधण्यात अर्धी दुपार गेली.

शनिवारी माळा उघडला. गादी काढली, खालची फळी काढली, मग समोरच्या खिडकीखालची बाहेरची पट्टी सोडवली. स्क्रू फिरवायची वेळच आली नाही, पक्कडीने धरून ओढले की नुसती गंजकी काडी बाहेर यायची, वरचे आटे आतच राहिले. मग कोपऱ्यातला पत्रा थोडा खाली वाकवला. आत दीड इंची लाकडाची जी आडवी फ्रेम आहे ती उजवीकडून साधारण दोन फुटांपर्यंत चहात बुडवलेल्या टोस्टसारखी झालीये, बोटाने उचलली तर धाग्याधाग्याने सुटते. त्याच्यामागचं गुलाबी इन्सुलेशन काळं पडलेलं. डावीकडची फ्रेम मात्र टणक आहे, मीटर ११-१२ दाखवतो, उजवीकडे तो ४० च्या पुढे जाऊन थांबतो.

आणि त्याच भिंतीत उंदराचं घरटं. इन्सुलेशन, कापूस, आणि रोड ॲटलासचे बारीक बारीक कपटे, एका कपट्यावर 'मार्क' एवढं वाचता येतंय, बहुतेक यूपीतल्या मार्केट (Marquette) गावाचं. म्हणजे यूपीला आमच्या आधी उंदीर जाऊन आले.

दोन प्रश्न. एक, हा येता वीकेंड ५५ डिग्री फॅरनहाइट आहे म्हणतात, तर आत्ताच गाडी बाहेर काढून होजने पाणी मारून गळती शोधू का? दोन, उजवा कोपरा कापून काढताना वरचं छप्पर खाली बसणार नाही ना?

---

पाना_पक्कड

पाणी अजिबात मारू नका. ४० टक्क्यांवर असलेल्या लाकडात अजून पाणी घालून काय मिळवणार? ब्लोअरची पद्धत वापरा. सगळी व्हेंट, फर्नेसचं तोंड, सिंकचे ड्रेन टेप लावून बंद करा, छपराच्या एका व्हेंटमध्ये पुठ्ठा कापून पंखा आत हवा ढकलेल असा बसवा, आणि बाहेरून साबणाचं पाणी स्प्रे करत फिरा. जिथे हवा बाहेर येईल तिथे फेस येईल. गोठणाऱ्या थंडीत होत नाही, पण ५५ ला मस्त होईल.

---

खारूताई_ओहायो

पाना, नाही पटलं. फेस सगळीकडे येतो हो, दाराच्या फटीतून, खिडकीच्या वीप होलमधून (पाणी बाहेर जायच्या भोकांतून), त्यातलं खरं कुठलं हे नवख्या माणसाला कळत नाही आणि तो बिनकामाच्या जागी सीलंट फासत बसतो. भिंत उघडी आहे, आतून लाकूड दिसतंय, हीच तर बघायची वेळ. होजला नोझल न लावता, प्रेशर न देता, नुसतं ओघळू द्यायचं, खालून सुरुवात करून वर जायचं, एका जागी दहा मिनिटं, आणि आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं हवं. आधी दिव्यांच्या खाली, मग दिवे, मग खिडकी, मग छपराची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच खाली येतं आणि काहीच कळत नाही. तेवढ्या पाण्याने कुजलेलं लाकूड काही जास्त कुजत नाही, ते तसंही फेकायचंय. लगेच बार्नमध्ये नेऊन पंखा लावा.

आता फ्रेमबद्दल. पन्हाळी पत्रा निघाला हे तुमचं नशीब. गुळगुळीत फायबर असतं तर ते पातळ प्लायवर आणि प्लाय थर्माकोलवर अख्खं चिकटवलेलं असतं, पाणी शिरलं की फुगा येतो आणि घरच्या घरी नीट बसवणं फार जिकिरीचं. तुमच्या गाडीत लाकडी सांगाडा आणि वर स्टेपल मारलेला पत्रा आहे, कोपऱ्याच्या पट्ट्या काढल्या की पत्रा खालून वर केळीच्या पानासारखा सोलता येतो, घडी मात्र पडू देऊ नका, एकदा पडलेली घडी जात नाही.

छप्पर बसेल का, हो, बसू शकतं. कापायच्या आधी माळ्याच्या आत दोन-तीन उभे टेकू द्या, वर-खाली आडवी फळी टाकून, म्हणजे भार पसरेल. आणि माळ्याच्या पुढच्या नाकाला बाहेरून पण खालून आधार हवा, तो भाग हवेत लोंबकळतोय. एका वेळी एकच तुकडा काढा, त्याच मापाचा नवा कापून बसवा, मग पुढचा. सगळं एकदम उखडलं की मूळ आकार कुठला होता तेच विसरायला होतं, म्हणून आधी पुठ्ठ्यावर कोपऱ्याचा टेम्प्लेट काढून ठेवा. ऑसिलेटिंग मल्टिटूलशिवाय (थरथरत्या पात्याने कापणारं हत्यार) हे काम करू नका. लाकूड सरळ, गाठ नसलेलं, वाळलेलं घ्या, दुकानातलं ओलं टूबायफोर आणून चिरू नका, दोन आठवड्यात पिळ पडतो. आणि निम्म्या कुजलेल्या लाकडावर एपॉक्सी ओतून टणक करायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. खिडकीच्या कडेला तळहाताएवढ्या जागेत ठीक आहे, दोन फुटांच्या फ्रेमला नाही.

सिलिकॉन कुठेही वापरायचा नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. रबरी छपराला तो धड चिकटत नाही आणि जिथे एकदा लागला तिथे नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. दिवे, खिडकी, व्हेंट यांच्या फ्लँजखाली (चपट्या कडेखाली) ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि वरून लॅप सीलंट (छपराच्या सांध्यांचा). छपरावर आडव्या जागी सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरणारा), उभ्या जागी न ओघळणारा, नाहीतर सीलंट रात्रभरात खाली बंपरवर येतो. रबर साफ करायला थिनर, पेट्रोल असलं काही नको, रबर फुगतं. पावडर लागते त्याला घाबरू नका, जुनं रबर तसं झिजतंच, फाटलेलं किंवा फुगलेलं नसलं तर साफ करून कोटिंगवर अजून काही वर्षं निघतील.

घरट्याला कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, ग्लव्हज आणि मास्क घालून पेपर टॉवेलने उचला. हंटाव्हायरसची भानगड असते, उंदरांच्या वाळलेल्या घाणीच्या धुळीतून येतो.

---

काळ्याजंगलातला_बाळू

जर्मनीतून लिहितोय, स्टुटगार्टच्या खाली. आमच्याकडे पण हाच उद्योग चालू आहे, १९९१ ची फियाट डुकाटोवरची हायमर, डिझेल. मजा म्हणजे इथे जुनी गाडी असणं फायद्याचं, ३० वर्षं पूर्ण झाली आणि गाडी मूळ स्वरूपात नीट राखलेली असली की एच नंबरप्लेट मिळते, टॅक्स कमी होतो आणि जुनं डिझेल असूनही शहरातल्या पर्यावरण झोनमध्ये जाता येतं. पण म्हणूनच आतमध्ये मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, तपासणीवाला बघतो. गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी वेगळी करावी लागते. त्यामुळे पाना यांच्या गॅसच्या मुद्द्याला दोन्ही हातांनी अनुमोदन, तुमच्याकडे कोणी विचारत नाही म्हणून टाळू नका.

आणि सीझनल नंबरप्लेट असते, एप्रिल ते ऑक्टोबर वगैरे, बाकीचे महिने गाडी रस्त्यावर उभी पण करायची नाही. म्हणजे हिवाळ्यात दुरुस्तीशिवाय दुसरा पर्यायच सरकार ठेवत नाही.

एक सांगतो, वजन. घरातलं एमडीएफ, टाइल्स, जाड लॅमिनेट आत घालू नका. मूळ कपाटं पातळ प्लायची असतात ती उगाच नाही.

---

जुनंतेटिकाऊ

थोडं अवांतर, पण धागाकर्ते मिशिगनचे आहेत म्हणून राहवत नाही. तुमच्या घरापासून पॉन्टिॲक फार लांब नसेल. तिथे जीएमसीने १९७३ ते १९७८ मध्ये मोटरहोम बनवली होती, सबंध जनरल मोटर्सची स्वतःची, दुसऱ्याच्या चासीवर डबा ठेवलेली नव्हे. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, ओल्डस्मोबिलचं ४५५ (शेवटी शेवटी ४०३) इंजिन, खालून मागे जाणारा शाफ्टच नाही त्यामुळे फ्लोअर इतकं खाली की एक पायरी चढलं की आत. मागे एअर सस्पेन्शन. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वरचं अंग फायबर आणि ॲल्युमिनियमचं, म्हणजे तुम्ही आत्ता जे कुजलेलं लाकूड उपसताय ते त्यात मुळात नाहीच. साधारण तेरा हजार बनल्या आणि अजून लोक जीवापाड सांभाळतात, पार्ट मिळतात. पुढची गाडी घ्याल तेव्हा ही बघा.

---

सांबारवडा

पुढची गाडी म्हणे. वहिनींना हा धागा वाचायला देऊ नका.

---

कोथरूडची_कल्पना

आम्ही पुण्यात हाच विचार करतोय, जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत बेड-किचन. हे सगळं भारतात चालतं का?

---

पाना_पक्कड

कल्पना, इथले लाकूड-छपराचे नियम लागू नाहीत, कारण ट्रॅव्हलरची बॉडी स्टीलची आहे, तुमचा शत्रू गंज. पण पहिला प्रश्न आरटीओचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत बदल करायला परवानगी लागते, आरसीवर नोंद व्हावी लागते. सीट काढून बेड टाकायच्या आधी आरटीओत जाऊन बसा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

---

हुरडापार्टी

अपडेट. खारूताईंचं ऐकलं आणि पाण्यानेच केलं. मुलगा आत टॉर्च घेऊन, मी बाहेर शिडीवर. खालून वर. खिडकी कोरडी निघाली, जिच्यावर मी शंभर टक्के संशय घेऊन बसलो होतो. उजवीकडून दुसऱ्या दिव्यापाशी पाणी धरलं आणि तिसऱ्या मिनिटाला आतून आरोळी आली, "बाबा, वायरवरून येतंय". वायरच्या बाजूने थेंब सरकत सरकत थेट त्या कुजलेल्या कोपऱ्यात. डाग आणि भोक यांच्यात चांगलं दीड-दोन फुटांचं अंतर. पाचही दिवे काढले, तीनांच्या मागची पुटी खडूसारखी... खडू नाही, दगडच म्हणा.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांचं सगळ्यात आधी लक्ष गेलं ते पत्र्याच्या स्टेपलकडे, "हे काय पुस्तक बांधलंय का, रिव्हेट कुठायत?" मग म्हणाले की आमच्याकडे बॉडी पूर्ण झाली तरी पाणी मारून बघितल्याशिवाय सीट चढवायचे नाहीत, तू सीट आधी चढवायला निघाला होतास. आता रोज सकाळी तिकडून एक सूचना येते. कालची: लाकडाचा प्रत्येक कापलेला तोंडाकडचा भाग बसवायच्या आधी प्रायमर मारून बंद कर, पाणी तोंडातून पितं लाकूड. हे बरोबर वाटतंय, कोणाचा विरोध?

तर आता ठरलेलं असं: फेब्रुवारीपर्यंत कोपरा, टॉयलेटचं फ्लोअर आणि पेक्स. भिंत आतून उघडीच. एप्रिलमध्ये दिवे, छपराच्या कडा, व्हेंट, परत पाणी. मग पॅनेल. रंग आणि कुशन मे मध्ये, नाही झाले तर जुन्याच कुशनवर आईने आणलेल्या सोलापुरी चादरी.

---

खारूताई_ओहायो

बाबांना विरोध करायची कोणाची टाप आहे. एंड ग्रेन (लाकडाचं कापलेलं तोंड) बंद करा, शंभर टक्के. फक्त आधी मीटरवर १५ च्या खाली येऊ द्या, ओलं असताना बंद केलं तर पाणी आत कोंडेल.

दिवे नवे एलईडीचे घ्या, सगळे पाच. एकच बदलू नका.

---

पाना_पक्कड

होजचं ठीक झालं म्हणायचं, मान्य. आता टायर. सांबारवडा सोडून कोणी टायरचं नाव काढलं नाही आणि गाडी उभी होती म्हणताय. टायरवर कोरलेल्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे इथे टाका, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी किती उरलीये ते सांगू नका, त्याला अर्थ नाही, उभ्या गाडीचे टायर आतून म्हातारे होतात.

---

हुरडापार्टी

पुढच्या डावीकडचा २३०९. उजवीकडे चार आकडे दिसतच नाहीत, नुसतं डॉट आणि थोडी अक्षरं आहेत.

---

पाना_पक्कड

पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, तुमच्या उजव्याला तो आतल्या बाजूला असेल, गाडीखाली सरकून मोबाइलने फोटो काढा. मागचे चार ड्युअल (जोडीजोडीने बसवलेले) आहेत, त्यातले आतले दोन पण बघा. पण २३०९ म्हणजे २००९ चा जून, नक्षी कोरी असली तरी हा टायर बार्नमधून घरापर्यंत सुद्धा हायवेने आणू नका. आणि एकाच वेळी घातलेले असणार, म्हणून बजेटमध्ये सहा नवे टायर धरा, लोड रेंज ई (जास्त वजन पेलणारे), कुशनच्या आधी. जुन्या वॉल्व्ह स्टेम पण बदलून घ्या, मागच्या आतल्या चाकांना लांब दांडीच्या लागतात, दुकानदाराला आधी फोन करून विचारा, ऐनवेळी त्याच्याकडे नसतात.